थंड हवेतली बाग आणि फसवं ऊन

"सर, तुम्ही तिकडे एम.एस्सी. करायला गेला होतात की माळीकाम करायला?"

गॅदरिंगच्या वेळी माझ्या लॅपटॉपमधले फोटो बघून हॉस्टेलमधल्या एकाने मला सरळ विचारलं. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. २०१७-१८ हे एक वर्ष मी रजा घेऊन स्कॉटलंडमध्ये एडिंबराला शिकायला होतो, आणि त्या फोटोंमध्ये युनिव्हर्सिटी कमी. फावडं, झारी आणि चिखलाने भरलेले बूट हेच जास्त होते. तेव्हा नुसता हसलो. पण मॅगझीनच्या मंडळींनी "सर, मराठी विभागासाठी काहीतरी द्याच" म्हणून पिच्छा पुरवल्यावर ठरवलं, की त्या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहून टाकावं.

कारण साधं होतं. मी ज्या घरात खोली घेतली होती, त्या घराच्या मागे आपल्या दोन क्लासरूम मावतील एवढी बाग होती. घरमालकीण पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकून काम होत नसे. मी आठवड्याला चार तास बागेत राबायचं आणि त्यांनी भाड्यात थोडी सूट द्यायची, असं ठरलं. तिथल्या पद्धतीप्रमाणे "मला नावानेच हाक मार" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. म्हणून तोंडाने मी हाकच मारायचो नाही आणि मनात ‘आजी’ म्हणायचो. इथेही तेच म्हणतो.

माझा आत्मविश्वास दांडगा होता. शेतकऱ्याच्या घरातला माणूस मी. झाड लावलं, आळं केलं, पाणी घातलं, झालं! हा सगळा माज पुढच्या आठ महिन्यांत कसा उतरला आणि थंड, लहरी हवेत बाग कशी सांभाळतात, हे आता सांगतो.

आधी हवा समजून घेऊ

एडिंबरा साधारण ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जवळजवळ मॉस्कोच्याच रेषेत. पण मॉस्कोसारखी हाडं गोठवणारी थंडी तिथे सहसा पडत नाही. हिवाळ्यात दुपारी ७ अंश आणि रात्री १-२ अंश हा नेहमीचा हिशोब. अटलांटिक महासागरावरून येणारे पश्चिमेचे वारे उबदार आणि ओले असतात, त्यांची ही कृपा. मात्र वारा उत्तरेकडून आला की तो आर्क्टिकची थंडी आणतो, आणि पूर्वेकडून आला की युरोप-रशियाची कोरडी थंडी. म्हणजे वाऱ्याने दिशा बदलली की ऋतूच बदलला. सकाळी स्वेटर, दुपारी टी-शर्ट, चार वाजता गारा, असा दिवस तिथे कोणाला नवलाचा वाटत नाही.

गंमत म्हणजे तिथे वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुण्याइतकाच! पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, तिथला बारा महिने हप्त्याहप्त्याने येत राहतो. त्यातून डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा. तेव्हा आपल्याकडे माळ्याला पाण्याची चिंता असते, तिथे ती उजेडाची आणि थंडीच्या तारखांची असते. शेवटची कडक थंडी कधी संपणार आणि पहिली कधी येणार, या दोन तारखांच्या मध्ये सगळं बसवायचं. आणि या तारखा कुठल्याच टाइमटेबलवर लागत नाहीत!

शरद : आवराआवर

मी सप्टेंबरात पोचलो. मला वाटलं, आता थंडी येणार म्हणजे बागेला सुट्टी. पण खरी कामं तेव्हाच सुरू झाली.

पहिलं काम म्हणजे खत बंद. नत्र असलेलं खत ऑगस्टनंतर द्यायचं नाही. दिलं तर कोवळी लुसलुशीत फूट येते आणि पहिल्याच थंडीत ती मरते. दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार होत गेली, की तिथली झाडं स्वतःच तयारीला लागतात. वाढ थांबवतात, पेशींमध्ये साखर साठवतात. मेकॅनिकलवाल्यांनी गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट आठवावं. पाण्यात काही विरघळलेलं असलं की ते शून्याच्या खाली गोठतं, हे तत्त्व झाडाला आपल्या आधीपासून माहीत आहे. पण ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात. ऐन वेळी ‘नाइट मारून’ ती होत नाही.

दुसरं काम कंदांचं. डॅफोडिलचे कंद सप्टेंबरात लावायचे, ट्युलिपचे नोव्हेंबरात. कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल. फुलं येणार थेट मार्च-एप्रिल-मेमध्ये! मी विचारलं, "मग फेब्रुवारीतच लावू या की!" तर ते चालत नाही. या कंदांना फुलण्यासाठी काही आठवडे थंडी लागतेच. सफरचंदाचंही तसंच. ठरावीक थंडी अंगावर काढल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. म्हणजे जी थंडी आपण शत्रू समजतो, ती अर्ध्या बागेची गरज असते.

तिसरं काम डेलियाचं, आणि ते आजींच्या जिवाभावाचं. त्यांच्या यजमानांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी आणलेले कंद त्या दरवर्षी जपत होत्या. डेलिया मूळ मेक्सिकोचा. त्याला गोठण्याची सवय नाही. पहिलं दहिवर पडलं की पानं एका रात्रीत उकडल्यासारखी काळी पडतात. त्यानंतर दांडे वीतभर ठेवून छाटायचे, कंद अलगद उकरायचे आणि काही दिवस उलटे टांगायचे. दांडे पोकळ असतात, त्यात पाणी राहिलं तर कंद सडतो. मग खोक्यात कोरड्या मातीत पुरून गॅरेजमध्ये ठेवायचे. हे खोकं आजींनी स्वतः लेबल लावून ठेवलं. अक्षर यजमानांचंच होतं. लेबल दरवर्षी तेच, फक्त चिकटपट्टी नवी.

शेवटी गळलेली पानं. ती जाळायची नाहीत. एका कोपऱ्यात जाळीत भरून ठेवायची. एक-दोन वर्षांत त्यांचं काळंभोर खत होतं. थोडी झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरायची. आच्छादन म्हणजे जमिनीचं इन्सुलेशन, दुसरं काही नाही.

हिवाळा : काही न करण्याचं काम

हिवाळ्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, गोठणारं पाणी. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. म्हणून बाहेरच्या नळाचं पाणी आधीच काढून टाकायचं, मातीच्या कुंड्या विटेवर उचलून ठेवायच्या म्हणजे पाणी साचून तडकत नाहीत. शिवाय कुंडीतली मुळं चारी बाजूंनी उघडी असतात. जमिनीतल्या मुळांना मोठ्या ‘थर्मल मास’चा आधार असतो, तो यांना नाही. म्हणून कुंड्यांना गोणपाट नाहीतर बबलचं प्लॅस्टिक गुंडाळायचं.

दोन, गोठलेल्या हिरवळीवर चालायचं नाही. गोठलेलं पातं वाकत नाही, मोडतं. मी एका सकाळी कचऱ्याचा डबा ठेवायला शॉर्टकट मारला, तर माझ्या बुटांचे तपकिरी ठसे पुढे कितीतरी दिवस तिथे हजेरी लावून होते.

तीन, बर्फ. इथे माझा अंदाज साफ चुकला. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून ती प्रसिद्ध थंडीची लाट आली. तिथल्या पेपरवाल्यांनी तिला ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ म्हटलं. २८ फेब्रुवारीला मध्य स्कॉटलंडसाठी बर्फाचा रेड अलर्ट निघाला. मी फावडं घेऊन वाफ्यांवरचा बर्फ काढायला निघालो, तर आजींनी खिडकीतून हातवारे करून थांबवलं. बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो रजईसारखं काम करतो. फक्त फांद्या मोडतील एवढा साचला असेल तर तेवढाच झटकायचा.

लाट ओसरल्यावर जे दिसलं ते कोड्यासारखं होतं. बर्फाखाली गाडलेली बुटकी झाडं ठणठणीत होती. आणि पूर्वेच्या कुंपणाजवळची, बर्फाच्या वर राहिलेली सदाहरित झुडपं करपून तपकिरी झाली होती. ती गोठून नव्हे, तहानेने करपली होती! कोरडा वारा पानांमधलं पाणी ओढून नेत होता, आणि जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी वर पाठवता येत नव्हतं. सगळीकडे बर्फ आणि झाड तहानेने मरतंय. तेव्हापासून वाऱ्याच्या बाजूला जाळीचा आडोसा हवा, हे डोक्यात पक्कं बसलं. जाळीच का? भरीव भिंत घातली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. फ्लुइड मेकॅनिक्स ज्यांना ‘गेलंय’ त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनला जायचो, मुख्य म्हणजे ऊब मिळायची म्हणून. १६७० साली सुरू झालेली ही बाग. तिथल्या ग्रंथालयात आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेतली वनस्पतिचित्रं आहेत हे कळलं आणि परक्या गावात कोणी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. कंपनी सरकारच्या काळात, १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर ती बाग सांभाळत होता. तिथे बाहेरदेशची अनेक झाडं आणून लावली होती आणि एका हिंदी चित्रकाराकडून त्यांची चित्रं काढून घेतली होती. त्याची अडचण आजींच्या बरोबर उलटी असणार, परक्या झाडांना आपला उन्हाळा सोसायला लावायची. पण पहिला प्रश्न दोघांचाही एकच : हे झाड मूळ कुठल्या मुलुखाचं?

वसंत : फसवा ऋतू

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मार्चमध्ये गुलाबाची छाटणी झाली. (आपल्याकडे ती पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात करतात. तिथे ऑक्टोबरात जोरात छाटलं तर नवी फूट थंडीत सापडेल.) डेलियाचे कंद खोक्यातून काढून कुंड्यांमध्ये लावले आणि छोट्या काचघरात ठेवले. शेजारी टोमॅटो आणि घेवड्याची रोपं. एप्रिलच्या मध्यापर्यंत डेलियाला बोटभर कोंब आले होते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मस्त ऊन पडलं. सगळं गाव बागांमध्ये लोळत होतं. आजी चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. मला वाटलं, त्या येईपर्यंत सगळं लावून टाकू आणि त्यांना सरप्राइज देऊ. टोमॅटो, घेवडा वाफ्यात लावले. डेलियाच्या कुंड्या बाहेर ओळीने मांडल्या. आजी आल्या, त्यांनी बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "फार लवकर आहे रे." मी म्हटलं, "पण हवा बघा ना किती छान आहे!"

महिनाअखेरीस हवा फिरली. एका संध्याकाळी आकाश स्वच्छ, वारा शून्य. मी फोनवर बघितलं, रात्रीचं किमान तापमान ३ अंश. तीन म्हणजे शून्याच्या वर. इंजिनिअर माणूस, निर्धास्त झोपलो.

सकाळी टोमॅटो आणि घेवडा काळे पडून जमिनीला चिकटले होते. डेलियाचे कोंब उकडलेल्या पालकासारखे लोंबत होते. लेबल लावलेलं ते रिकामं खोकं गॅरेजच्या दारात होतं, आणि माझ्या हातून काय झालंय ते मला तेव्हा उमगलं. दहा-वीस पौंडांची रोपं गेल्याचं दुःख नव्हतं. दुकानात जाऊन परत आणता येणार नाही अशी एक गोष्ट मी उन्हाच्या भरवशावर बाहेर ठेवली होती.

चूक कुठे झाली? तीन अंशांतच. हवामानखात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटर उंच, पेटीत असतो. निरभ्र, शांत रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असतात (हीट ट्रान्सफरमधलं रेडिएशन!), आणि ती परत पाठवायला वर ढगांची गोधडी नसते. त्यामुळे गवताजवळचं तापमान हवेपेक्षा काही अंशांनी खाली जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, तीही याच कारणाने. गावात तापमान शून्याच्या बरंच वर असतं आणि इकडे गवतावर, जीपच्या टपावर बर्फाचा पापुद्रा. शिवाय गार हवा जड असते, उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते. माझ्या कुंड्या नेमक्या बागेच्या खालच्या टोकाला, लाकडी कुंपणाला लागून होत्या. जणू थंडीसाठी बंधाराच बांधला होता.

आणि दुसरी चूक म्हणजे ती रोपं लाडावलेली होती. काचघरातलं रोप बाहेर लावण्याआधी त्याला काटक करावं लागतं. दोन आठवडे दिवसा बाहेर, रात्री आत. मग रात्रीही बाहेर पण पांढऱ्या पातळ फ्लीसच्या कापडाखाली. आणि मग जमिनीत. एडिंबराला नाजूक रोपं मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीलाच कायमची बाहेर काढतात, मध्ये कितीही ऊन पडो. झाडाला थंडी जितकी मारते त्याहून जास्त अवेळी आलेली ऊब मारते. उबेने ते जागं होतं, तयारी सोडून देतं, आणि मग थंडी परत येते. अलीकडे तर हे वाढतंय. २६ फेब्रुवारी २०१९ ला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंश तापमान नोंदलं गेलं, ब्रिटनच्या हिवाळ्यातलं तोवरचं सर्वाधिक! मोहोर लवकर आला की नंतरच्या दहिवरात सापडण्याची भीती तेवढीच वाढते.

बचावाच्या युक्त्या आहेत. कापड झाकायचं, पण संध्याकाळी ऊब असतानाच. काचघरात पाण्याच्या बादल्या ठेवायच्या. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. दहा लिटरची बादली पूर्ण गोठली तर जवळजवळ एक युनिट विजेइतकी उष्णता झाली, म्हणजे हजार वॉटचा रॉड तासभर चालवल्यासारखी. (हॉस्टेलमध्ये असा रॉड कोणाच्या खोलीत आहे ते मला माहीत आहे, पण हा लेख बागेवर आहे.) निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात, तीही जमिनीची आणि हवेची ऊब टिकवण्याचीच धडपड.

त्या सकाळी मी आजींना काय सांगावं याची तालीम करत उभा होतो. त्या बाहेर आल्या, कुंड्यांकडे बघितलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोंब गेलेत. कंद गेलाय की नाही ते आत्ता कळणार नाही. आत ठेव, पाणी कमी घाल आणि थांब."

ते ‘थांब’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वेटिंग. सेमिस्टरचा रिझल्टसुद्धा इतका जड गेला नव्हता. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सातांपैकी पाच कुंड्यांमध्ये मातीतून लालसर टोकं वर आली. कंद मातीत झाकलेला होता, तिथपर्यंत गोठणं पोचलं नव्हतं. दोन मात्र गेले ते गेलेच.

उन्हाळा, आणि परत घरी

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. २०१८ चा उन्हाळा ब्रिटनच्या तोवरच्या सर्वांत उष्ण उन्हाळ्यांच्या बरोबरीचा होता. जुलैत हिरवळ पिवळी पडली. मी पाइप घेऊन धावलो, तर उत्तर तेच : "थांब." गवत मेलेलं नसतं, झोपलेलं असतं, पावसाने परत हिरवं होतं. पाणी फक्त त्या वर्षी लावलेल्या झाडांना, सकाळी, मुळाशी. आणि भर उन्हात अचानक समुद्रावरून गार धुकं यायचं, ‘हार’ म्हणतात त्याला. दुपारी दोनला घामाघूम, अडीचला जॅकेट. ऑगस्टमध्ये डेलिया फुलले. मी सप्टेंबरात निघालो तेव्हा त्या पाचही कुंड्या भरून फुलं होती.

आता तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे ना बर्फ ना दहिवर, मग हे आम्हाला कशाला?

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमागे दर जुलैत वृक्षारोपण होतं. फोटो निघतात. आणि जूनमध्ये आपण परत येतो तेव्हा निम्म्याहून अधिक खड्ड्यांत काड्या उभ्या असतात. आपलं दहिवर म्हणजे मे महिन्याची सुट्टी. जुलैच्या ढगाळ हवेत लावलेलं रोप छान दिसतं, तेच आपलं फसवं ऊन. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आलेलं रोप आठ-दहा दिवस सावली-उन्हात फिरवून मगच लावलं, हॉस्टेलमागे जाळतो तो पालापाचोळा बुंध्याशी वीतभर जाड पसरला (फक्त खोडाला चिकटू न देता), आणि सुट्टीत कोण थांबणार, कोणी कुठल्या रांगेला आठवड्यातून दोनदा पाणी घालायचं हे एप्रिलमध्येच कागदावर लिहिलं, तर बराच फरक पडेल. मेसच्या नोटीस बोर्डावर मी कोरा कागद लावून ठेवतोय. नाव लिहायचं असेल त्याने लिहावं. पहिल्या ओळीत माझं आहे.

आजी अजूनही दर सप्टेंबरात एक फोटो पाठवतात. कुंड्या आता सात झाल्या आहेत. वाढलेले कंद फोडून त्यांनी दोन नव्या केल्या. आणि फोटोखाली दर वेळी एकच ओळ असते, की अजून बाहेरच आहेत, पण खोकं तयार आहे.